कचरागाडीवरील राणीचे भाषण बदलण्याबाबत

प्रति,
मा. स्वच्छता अधिकारी,
कचरा संकलन विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय: कचरागाडीवर वाजणारे राणीचे भाषण बंद करण्याबाबत; ते शक्य नसल्यास परिच्छेद ५ व ६ पाहावेत.
संदर्भ: रोज सकाळची गाडी.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळविते की, ऐतिहासिक चित्रपटातील जे भाषण आपल्या गाडीवर वाजते ("उठा! जे सडले आहे ते घराबाहेर काढा! जिथे मान नाही, तिथे राणी पाऊल ठेवत नाही!"), त्यातला चेहरा नटीचा असला तरी आवाज माझा आहे. नटीला भाषा येत नव्हती. श्रेयनामावलीत माझा उल्लेख नाही, त्याबद्दल तक्रार नाही. राणी हे फितूर सरदारांना म्हणाली होती, ओल्या कचऱ्याला नव्हे, त्याबद्दलही तक्रार नाही. लोक वेळेवर डबे घेऊन येतात हे मी पाहते.

२. अशा चित्रपटांतील राणी आपण पाहिली असेलच. तिला सर्दी होत नाही, झोप येत नाही आणि लढाई संपली तरी काजळ जागच्या जागी असते. मी भाषण म्हणत असताना दिग्दर्शक काचेपलीकडून सांगत होते, "बाई, राणी घाबरत नाही. तुमचा श्वास ऐकू येतोय." पुढे माझे सगळे श्वास कापून टाकण्यात आले. आपण नीट ऐकल्यास लक्षात येईल की एवढे मोठे भाषण राणी श्वास न घेता करते. तिला वडील असतात, तलवार शिकवणारे गुरू असतात. आई मात्र सुरुवातीच्या दोनचार दृश्यांतच वारते. असे का करतात, हे मला आता समजले आहे.

३. गेल्या महिन्यात माझी मुलगी सकाळीच एक पिशवी घेऊन दारात आली. म्हणाली, "आई, मला परत नाही जायचं तिकडे." तिने उलट शब्द काढला की जावई खोलीला बाहेरून कडी लावतात. मी तिला चहा दिला आणि म्हणाले, "अगं, घरोघरी मातीच्या चुली. थोडं सोसायला शिक." नेमकी त्याच वेळी आपली गाडी आली. जिथे मान नाही वगैरे सगळे माझ्याच आवाजात खिडकीतून आत आले. मुलगी हसली. "बघ, बाहेर तूच काय सांगतेस," एवढेच म्हणाली. त्यानंतर मी तिला बसमध्ये बसवून आले. खिडकीची जागासुद्धा मीच धरून दिली. मला माझी शरम वाटते, आणि ही गोष्ट आपल्या विभागाच्या अखत्यारीत येत नाही याची मला जाणीव आहे.

४. तेव्हापासून गाडी आली की मी नळ सोडून ठेवते व कानांवर उशी धरते. फाटकापाशी जाणे बंद केल्यामुळे कचरा घरात साचला आणि आपल्याच निरीक्षकांनी येऊन मला समज दिली. शेजारीणबाई दुर्गंधीचे कारण विचारायला आल्या होत्या. त्यांना खरे सांगितले, तर म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचे त्यांनी भिडेखातर सोडून दिले. सबब भाषण बंद करावे, निदान माझ्या घरासमोर गाडी मुकी न्यावी, असा अर्ज मी लिहावयास घेतला होता.

५. परंतु ती मागणी मी याद्वारे मागे घेत आहे. मुलीचा फोन जावई उचलतात व "ती कामात आहे" असे सांगतात. मी तिच्या घरीही जाऊन आले. विहीणबाई समोर बसल्या होत्या, मुलीने ट्रे आणून ठेवला आणि मान वर केली नाही. मी चहा पिऊन उठले. काचेमागे उभी असले तरच माझा आवाज सुटतो, समोर माणसे असली की नाही. परत येताना आपल्या गाडीचे चालक भेटले. गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तिच्या गल्लीतही तेच जातात. त्यांच्याकडून कळले की मुलगी रोज सकाळी स्वतः बादली घेऊन गाडीपर्यंत येते, आणि तेवढाच वेळ ती उंबऱ्याबाहेर असते.

६. तरी विनंती की, फक्त एका सकाळी, त्या गल्लीत, राणीच्या भाषणाऐवजी सोबतची ध्वनिफीत वाजवावी व मला चालकाशेजारी बसण्याची परवानगी द्यावी. चालक म्हणतात, "साहेबांचा कागद आणा मावशी, मग खुशाल बसा." परतीच्या फेरीत आम्ही दोघी असू. दाटीवाटीने बसू. बादली तिथेच राहील, ती त्या घरची आहे.

सोबत: ध्वनिफीत, एक. आवाज घुमू नये म्हणून कपाटातल्या कपड्यांत तोंड घालून घरीच केली आहे. मजकूर: "बाळा, मी आई. माझं चुकलं. बादली ठेव आणि गाडीत बस." कृपया यातील श्वास कापू नयेत. त्यावरून ती मला ओळखेल.

उत्तराची वाट फाटकाशी उभी राहून पाहत आहे.

आपली नम्र,
(सही)
मुलीची आई, हयात

दिनांक: आजचाच, गाडी येऊन गेल्यावर