बादलीतली रोपं

दि. ९ मार्च

प्रिय ठके,

आशीर्वाद आहेतच, राग ओसरला की घे. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. लाँड्रीत नवं मशीन आलंय, ते माझ्याहून मोठ्याने ओरडतं, त्यामुळे हाताखालच्या मुली खूश आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही दोघं लग्नानंतर पहिल्यांदा जोडीने घरी आलात. जावईबापूंनी ते कामाला आहेत त्या रोपवाटिकेतली पाणरोपं ओल्या कागदात गुंडाळून, पोटाशी धरून आणली होती, माझ्या झिंग्यांच्या काचेच्या टाकीसाठी. मी ती आत नेली. मग तू हात धुवायला न्हाणीघरात गेलीस, रोपं तिथे बादलीत पाहिलीस आणि बाहेर आलीस ती तोंड एवढंसं करून. अर्धा चहा टाकून निघालात. संध्याकाळी तुझा निरोप आला, "आमची पायरी कळली, ताई."

अगं शहाणे, माझ्या घरात येणारं प्रत्येक रोप आधी बादलीतच जातं! टाकीत नखाएवढे लाल झिंगे आहेत. रोपांवर किडीसाठी फवारतात, त्यातलं थोडं पानांवर राहतं. मासे एखादवेळी निभावून नेतात, झिंग्यांना मात्र थेंबभरही पुरतं. म्हणून रोप वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मुळांभोवतीचा कापूस काढायचा, कुजकी पानं खुडायची आणि दोन-तीन आठवडे उजेडात वेगळं ठेवून पाणी बदलत राहायचं. शेवटी त्यात एकच झिंगा सोडायचा. तो निवांत चरायला लागला, की मग टाकी.

तेव्हाच का नाही बोललीस, असं विचारशील. पाहुण्यांनी हौसेने आणलेली भेट हातात घेऊन "याला विष असेल" म्हणू? माझी जीभ कात्रीसारखी चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या दिवशी मी ठरवून गोड बोलत होते. गोड बोलायला गेले की माझं हे असं होतं.

एक गोष्ट लिहू की नको, असं चाललं होतं. लिहूनच टाकते. बादलीत सोडलेला पहिला झिंगा मेला. सकाळी पाहिला तर तळाशी आडवा. म्हणजे भिडेखातर रोपं थेट टाकीत लावली असती, तर सगळी टाकी गेली असती. यात जावईबापूंचा काही दोष नाही, फवारणी त्यांच्या हातात थोडीच असते. मी रोपं फेकली नाहीत. पुन्हा धुतली, रोज पाणी बदललं. दुसरा झिंगा आठवडाभर मुळांत मजेत चरतोय.

तुला वाटतं, मला जावईबापू आवडत नाहीत. ठके, ते मला आवडले, तेच तर डाचतंय. टाकीपुढे उकिडवे बसून किती वेळ बघत होते, पण काचेवर एकदाही टिचकी मारली नाही. येणारा प्रत्येक जण मारतो, तूसुद्धा मारतेस. माणूस वाईट निघाला असता, तर तू आज ना उद्या परत आली असतीस. तुझ्या लग्नापासून दीड वर्ष मी एवढ्या आशेवर होते. बहिणीने असं मनात आणू नये, पण आणलं. आई गेल्यावर आपण दोघीच होतो गं. स्वयंपाक अजून दोघींचाच होतो, आणि उरलेलं मी सकाळी खाते.

आता रोपं टाकीत लावायचीत. रुंद पानांच्या रोपाचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, ते दोऱ्याने दगडाला बांधायचं. एकटीने जमतं मला, खोटं कशाला बोलू? तरी रविवारी दोघं या. जागा त्यांनीच ठरवावी. फक्त हाताला क्रीमबीम लावून येऊ नका. आणि या वेळी जेवून जायचं, नुसत्या चहावर मी बोळवण करणार नाही.

एवढं वाचूनही राग असेल, तर असू दे. तू आली नाहीस तरी रोपं जगतील, त्यांची काळजी करू नकोस. माझी कर.

तुझीच,
ताई