अण्णांचा शेकडा

परंडा, २ मे १९४६
रेडिओ मेला. म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर जळला, सहा व्होल्टच्या बॅटरीचे दोनशे चाळीस करणारा. नवा सोलापुरातही नाही. आणि नेमकं १२ तारखेला सुशी हैदराबाद स्टेशनवरून गाणार! धाकटी बहीण. गाणं शिकायला घर सोडून गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून वडील, म्हणजे अण्णा, तिचं नाव काढत नाहीत. तिचं पत्र मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. अण्णा सुपारी कातरत बसले.

४ मे
हिशोब जमला. व्होल्टला पाच वेढे. बॅटरीकडे तीस, पलीकडे बाराशे. तार केसासारखी. सातशेवर आलो आणि शेजाऱ्यानं हाक मारली, आकडा गेला. सगळं उलगडलं. जीव नकोसा झालाय.

६ मे
अण्णा आपणहून येऊन बसले. "तू गुंडाळ, म्या मोजतो. आमराईत जल्म गेला मोजण्यात." तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, शेकडा भरला की दोऱ्याला एक गाठ. बारा गाठी झाल्या. वरून जाड तारेचे तीस वेढे माझे मी घातले.

८ मे
मीटरवर तीनशे सोळा!! असं जोडलं तर व्हॉल्व्ह जातील. हिशोब तीनदा तपासला. पाच गुणिले दोनशे चाळीस बाराशेच होतात, मी काही ढ नाही.

९ मे
लोखंडी पट्ट्या काढून परत बसवल्या. तीनशे सोळाच. मीटर खोटं म्हणावं तर बॅटरी बरोबर सहा दाखवतंय. शेवटी अण्णांवर घसरलो. तुमचंच मोजणं चुकलं.
"माझा हिसाब चुकत न्हाय. बावीस फाड्या म्हंजे बावीस!"
फाड्या?
सहाची फाडी, बावीस फाड्यांचा शेकडा. म्हणजे एकशे बत्तीस. तारेचे वेढे आंब्यासारखे मोजले या माणसानं! तीनशे चौऱ्याऐंशी वेढे जास्त.
"अण्णा, शेकडा शंभराचा असतो."
"तुज्या शाळंत."

११ मे
जाड तार सोडवली. मग बारीक तारेचे तीनशे चौऱ्याऐंशी उतरवले, एकेक. जाड पुन्हा घातली. बोटं सोलली. अण्णांना जवळ येऊ दिलं नाही. दारातूनच तीनदा विचारून गेले, "उद्यापातुर हुईल का?" तिसऱ्यांदा ओरडलो. ओरडायला नको होतं. त्यांनाही ऐकायचंय, एवढं कळत होतं की मला.

१२ मे, संध्याकाळ
दोनशे एकोणचाळीस. लागला!
खरखर लई, पण आवाज सुशीचाच. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते, हलले नाहीत. गाणं संपल्यावर निवेदकानं उर्दूत नाव सांगितलं. सुशीला परंडेकर. गावाचं नाव लावलंय.
अण्णा वळले. "परंडेकर कोण? आपलं आडनाव का न्हाय लावलं तिनं?"
जाताना तिला ह्यांनीच बजावलं होतं, माझं नाव कुठं लावायचं न्हाय म्हणून. अगदी ओठावर आलं होतं.
दोनदा विचारलं त्यांनी. अजून तिथंच बसलेत.