पवईनं थांबावं, मी अमेरिकेला जाऊन येतो

२ जून १९८६
पवईच्या आयआयटीत एम.टेक.ला सीट मिळाली. अमेरिकेतून एम.एस.ची अ‍ॅडमिशनही आली. दोघांनाही मी हवाय. घाई न करता ठरवायचं.
संध्याकाळी: ठरवलं. आधी अमेरिका, मग पवई. तोवर पवईनं सीट राखून ठेवावी.

५ जून
पवईला जाऊन हेडना प्लॅन समजावला. म्हणाले, असा नियम नाही. घ्यायची तर घ्या, नाहीतर लेखी सोडा. माणूस सज्जन, पण दृष्टी लहान.

८ जून
अण्णा म्हणतात, व्हिसा हातात पडल्याशिवाय पवई सोडू नकोस. सगळा जन्म एका ऑफिसात काढलेल्या माणसाला रिस्क काय कळणार? आईनं मात्र मेतकूट करायला घेतलंय.

१४ जून
घाटकोपर स्टेशनबाहेर उत्तरा भेटली. वर्गातली, पवईच्या वेटिंग लिस्टवर पहिली. तू नक्की जाणार ना रे, असं दोनदा विचारलं. डोळे लाल होते. बिचारी. माझ्यासाठी थांबू नकोस, बँकेची परीक्षा दे, असा सल्ला दिला.

१६ जून
पवईची सीट लेखी सोडली. हलकं वाटलं. अण्णा जेवले नाहीत. पित्त असावं.

२९ जून
आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत सत्कार. चेअरमन सहदेव राण्यांनी शाल-श्रीफळ दिलं. मी 'परदेशातला भारतीय तरुण' या विषयावर बोललो. लोक मध्येच उठले, पण चहा आला होता.

१० जुलै
उद्यापासून पहाटे उठून इंटरव्ह्यूची तयारी.

११ जुलै
नको. घोकलेली उत्तरं लगेच कळतात.

१८ जुलै
व्हिसाचा इंटरव्ह्यू झकास. साहेबानं विचारलं, शिकून परत येणार का? म्हटलं, माझ्यासारख्याला तुम्ही सोडाल असं वाटत नाही. हसला. पासपोर्टवर लगेच शिक्का मारला.
संध्याकाळी: शिक्का नकाराचा आहे. अण्णांनी वाचून दाखवला. मग पासपोर्ट कपाटात ठेवून दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

२१ जुलै
पवईला गेलो. सीट परत घ्यायला माझी हरकत नाही, असं हेडना सांगितलं. ती उत्तराला गेली. पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाले. उत्तरानं कँटीनमध्ये चहा पाजला, मनापासून थँक्स म्हणाली. जूनमध्ये तिचे डोळे आले होते म्हणे.

२५ जुलै
जिन्यात जो तो विचारतो, फ्लाइट कधी? चिंतनासाठी मालाडला कुंदामावशीकडे आलो.

३ ऑगस्ट
सकाळी मावशीनं विचारलं, काय रे, जाणार कधी? तिला फॉल सेमेस्टर, स्प्रिंग सेमेस्टर, व्हिसाचा फेरअर्ज, सगळं नीट समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, घाटकोपरला कधी जाणार, ते विचारतेय. शनिवारी नणंद यायचीय, कॉट लागेल.