तुमच्या निषेधाच्या ठरावाबाबत

कोराडी,
सोमवार

आदरणीय कृष्णकांतभाऊ यांस,
बळीरामचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? यमुवहिनींना नमस्कार सांगा. (आपण सध्या राजकीयदृष्ट्या बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. गुडघा राजकारणात धरू नये.)

कळवायला वाईट वाटतं, पण काल मनीषनगरच्या समाजभवनात आमचा नवा पक्ष स्थापन झाला. आपण दोघांनी पस्तीस वर्षं ज्यांच्याविरुद्ध मोर्चे काढले, त्यांच्याशीच तुम्ही महापालिकेसाठी युती केलीत, म्हणून ही वेळ आली. मला राग आहे भाऊ, आणि रागापेक्षा दुःख जास्त आहे. हजर एकतीस जण होते. समतेवर कुणाचा वाद नव्हता, नावावर मात्र अडीच तास गेले. शेवटी जुनंच नाव ठेवून पुढे कंसात ‘मूळ’ लिहायचं ठरलं. (तुमचा पक्ष चाळीस वर्षांचा, आमचा कालचा, तरी मूळ आम्ही.) मग पहिला ठराव आला, तुमच्या निषेधाचा. आजवर पक्षाचे सगळे ठराव तुम्हीच लिहिले, त्यामुळे ती भाषा आमच्यात कुणालाच येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. नंदिनीताईंनी (कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात) ‘विश्वासघातकी’ हा शब्द घातला. त्यावर कुहीचे चंपतराव उठले. म्हणाले, “मानूस वाईट नाई गा तो. माह्या घरवालीच्या ऑपरेशनले आठ दिवस मेडिकलच्या वार्डामंधी बसून होता. पयले तेवढं लिहा, मंग करा निषेध.” ही उपसूचना मंजूर झाली. मग ज्याला त्याला काहीबाही आठवू लागलं. माझ्या रितिकाच्या लग्नात तुम्ही शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होतात, हे मीच सांगितलं. (अध्यक्षानं बोलायला नको होतं.) सात उपसूचनांनंतर ठराव वाचून दाखवला, तर ते तुमचं मानपत्र झालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला सभा तहकूब करावी लागली.

असो. आपले मार्ग आता वेगळे झाले, एवढं कळवण्यासाठी हे पत्र.

तुमचा (संघटनात्मक अर्थानं नव्हे),
बळीराम मेश्राम
अध्यक्ष

ता. क. : रविवारी पुन्हा सभा आहे. त्याआधी तुमच्या निषेधाचा ठराव तुम्हीच लिहून पाठवा. भाषा कडक हवी. दयामाया दाखवू नका.

ता. क. २ : लिहिता लिहिता तो निषेध तुम्हाला स्वतःला पटला, तर युती तेवढी मोडून टाका. मग ठराव नको, पक्षही नको. लेटरहेड छापून झालं आहे, त्याचं मी बघतो.