गालाची बाजू

मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मी बरी आहे, खोकला गेला. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच रडायला लागतोस आणि मग मला 'असू दे, असू दे' म्हणत बसावं लागतं. कागदावर तुझं रडणं ऐकू येत नाही, ते बरं पडतं.

इकडे कारखान्यात काम भरपूर आहे. एका संग्रहालयाने बारा नकली रायफली मागितल्यात, शंभर वर्षांपूर्वीच्या वाटाव्यात अशा. नळीचं काम वेल्डर बघतो. माझ्याकडे येतात ते फायबरचे दस्ते, खेळण्यासारखे गुळगुळीत, आणि जातात ते जुन्या अक्रोडाचे होऊन. आमचे मालक गिऱ्हाइकांना सांगतात, "बाईंच्या हाताखाली वस्तू आठ दिवस राहिली की तिचं वय ऐंशीने वाढतं." मग माझ्याकडे बघून म्हणतात, "बाईंचं स्वतःचं मात्र शंभराने." मी हसते. नोकरी आहे.

तू लिहिलंयस, 'ताई, चूक कुणाच्याही हातून होते, मनाला लावून घेऊ नकोस.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी हे काम कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं तुला नीट कळेल.

दस्ता आला की मी लगेच ब्रश उचलत नाही. आधी एका चिठ्ठीवर लिहून काढते की ही रायफल कुणी वापरली. उंच की बुटका, पावसात उभा राहणारा की दाराशी बसणारा, उजवा की डावरा. मग पॉलिश पेपर मारायचा, पिवळट रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळला की पातळ तपकिरी रंग कोरड्या ब्रशने ओढायचा, म्हणजे लाकडाच्या रेषा उमटतात. ओरखडे रंगाच्या आधी पाडायचे. नंतर पाडले तर आतलं फायबर पांढरं दिसतं आणि सोंग उघडं पडतं. माणूस सगळ्यात शेवटी येतो. मुठीच्या जागी घामाचा काळपटपणा, कडांना उडालेलं पॉलिश, आणि नेम धरताना गाल टेकतो तिथे वर्षानुवर्षं घासून आलेली चकाकी. उजव्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, डावऱ्याचा उजव्या. नवे पेंटर हमखास इथेच फसतात. एकवीस वर्षांत मी कधी फसलेले नाही.

बाबा डावरे. गोदामाच्या सशस्त्र पहाऱ्यावर तीस वर्षं डाव्या खांद्याला रायफल लावणारा तो एकच माणूस. कवायतीत त्यावरून खाल्लेल्या शिव्या ते रोज जेवताना आपल्याला ऐकवायचे, आठवतं ना.

सप्टेंबरात तुझं पत्र आलं, की बाबांना आता काळवेळ समजत नाही. रोज सकाळी उठतात, पलंगाजवळ ताठ उभे राहतात, आणि तपासणी आहे, रायफल सापडत नाही म्हणून थरथरतात. निवृत्तीच्या दिवशी ती जमा केली हे सांगून तू थकलास. डॉक्टर म्हणाले, हातात काहीतरी तसंच द्या, शांत होतील. तू लिहिलंस, 'ताई, हे फक्त तूच करू शकतेस.' खरंच होतं ते. मी ती रायफल मन लावून केली. पट्ट्याच्या कडीखालचा डाग, बुडाला जमिनीवर आपटून आलेले टवके, सगळं आठवून आठवून केलं.

ऑक्टोबरात घेऊन आले तेव्हा तू दारातच म्हणालास, "अगं, हुबेहूब." बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, मुठीची जागा चाचपली, आणि त्यांचे खांदे खाली आले. तुझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनी रायफल डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तसेच थांबले. उचलली, उलटी केली, दुसऱ्या अंगावरून अंगठा फिरवला. पुन्हा गाल टेकवला.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "ही कुणाची आणली?"

तिथून पुढचं तूच मला लिहीत आलास. आधी त्यांना हरवल्याची भीती होती, आता चोरीची आहे. दुसऱ्याचं हत्यार आपल्याकडे सापडलं तर काय होईल, म्हणून ती गादीखाली लपवतात. बेल वाजली की चादर ओली होते. काढून घ्यायला गेलास तर ओरडतात, की पुरावा नेतोयस. आणि शेवटी तू लिहितोस, 'ताई, बाजू चुकली एवढंच. पुसून दुसरीकडे कर ना, तुला असा कितीसा वेळ लागणार.'

अर्धा तास लागेल. स्पिरिट आणि चिंधी.

धाकट्या, बाजू चुकली नव्हती. चिठ्ठीवर मी 'डावरा' असंच लिहिलं होतं. आधी चकाकी उजव्या अंगालाच केली होती, आणि ती इतकी छान जमली होती, की वेल्डर गाल लावून बघून गेला. तीन दिवस ती माझ्या टेबलावर पडून होती. चौथ्या दिवशी मी ती पुसली आणि डाव्या अंगाला केली. एवढं सफाईदार काम माझ्याकडून क्वचित झालं असेल.

का, असं विचारू नकोस. तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आपल्या घरात हे कधी कुणी तोंडाने बोललं नाही.

मी सहा वर्षांची होते. पोरगी आपल्यासारखी डावरी निघाली, तिला जन्मभर बोलणी खावी लागतील, म्हणून त्यांनी माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायला सुरुवात केली. रायफलीची नळी साफ करायची दोरी होती ना, तिने. जेवताना आणि लिहिताना. माझ्या भल्यासाठीच करत होते, हे मला आईने मरेपर्यंत ऐकवलं. तीन वर्षं. स्वतःचा हात ज्याला वळवता आला नाही, त्याने माझा वळवायला घेतला. आणि मी चोरून डाव्या हाताने काही केलं, तर ते सांगायला तू धावायचास. त्याबद्दल बाबा तुला खांद्यावर बसवून गोदामाच्या फाटकापर्यंत न्यायचे.

त्या दिवशी खुर्चीसकट मी पडले, तेव्हा तू समोर होतास. हात बांधलेला, त्यामुळे सावरता आलं नाही. मनगटाचा जो आवाज झाला तो तूही ऐकलास. दवाखान्यात बाबा म्हणाले, "झाडावरून पडली." डॉक्टरांनी तुला विचारलं, "हो का रे?" तू मान डोलावलीस. डॉक्टरांनी साधाच पट्टा बांधला, हाड वाकडं जुळलं, आणि मी उजवी झाले. बाबा जिंकले. आज जे काही रंगवते ते त्यांनी वळण लावलेल्या हाताने.

तू पाच वर्षांचा होतास. मला माहीत आहे. तरीही मी ते तुझ्याकडेच धरते.

आता गेल्या रविवारचं. तू मला त्यांच्याजवळ बसवून औषधं आणायला गेलास. परत आल्यावर विचारलंस, "काही बोलले का?" मी म्हटलं, "नाही." बोलले होते.

रायफल गादीखालून काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मला ओळखलं नव्हतं, तपासणीला आलेले साहेबच समजले.

"साहेब, चोरी नाही केली," म्हणाले. "माफ करा. घरी पोरं लहान आहेत."

मी विचारलं, "किती पोरं?"

"एक मुलगा, साहेब. आणि मुलगी, पण ती हाताने अधू आहे."

"काय झालं हाताला?"

"झाडावरून पडली."

बघ धाकट्या. स्वतःचं नाव विसरलेत, आई गेली हे विसरलेत, आणि हे मात्र पाठ आहे. मी आवाज चढवला. म्हटलं, "खोटं बोललात तर शिक्षा वाढेल." त्यांची हनुवटी हलायला लागली. पलंगाची कड धरून ते खाली बसले, माझ्या पायाशी, आणि म्हणाले, "मी बांधला होता साहेब. दोरीने. डॉक्टरला खोटं सांगितलं." मग रडले. मी त्यांना उठवलं नाही. पाणीही दिलं नाही. पंचेचाळीस वर्षांनी माझ्या अंगाला हलकं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण ती येत नाही.

मी पुढे विचारणार होते, की तेव्हा तिथे अजून कोण होतं. तेवढ्यात जिन्यावर तुझी पावलं वाजली.

म्हणून तू म्हणतोस तशी चकाकी मी दुसऱ्या बाजूला करणार नाही. नवी रायफलही करून देणार नाही. एकदा गाल बरोबर टेकला की ते शांत होतील, आणि शांत माणूस काही कबूल करत नाही. बाहेर कुणाकडून करून घ्यायचा प्रयत्न करू नकोस. तसं केलंस तर मी ज्याला त्याला काय सांगेन, हे आता तुला माहीत आहे.

येत्या रविवारी अकराला पोचते. तोवर बाबांची दाढी कर, त्यांना बसतं कर आणि रायफल त्यांच्या हातात दे. या वेळी औषधं आणायला जाऊ नकोस. दाराबाहेर स्टूल ठेव आणि बस. कोण होतं ते बाबा सांगतील, तेव्हा तुला ऐकू जायला हवं.

तुझी,
ताई