भात कोणी लावायचा

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

तू पाठवलेला भाताचा कुकर धडधाकट पोचला. बाळ त्याच्या झाकणात स्वतःचं तोंड बघून इतकं हसलं की तेवढ्यानेच तुझी खरेदी पावली. पण बाई गं, पाणी घाला, बटण दाबा आणि बाजूला व्हा, याला काय स्वयंपाक म्हणायचं? तो शिजवणार आणि मी काय, त्याच्यासमोर हात जोडून बसू? मी आपली गॅसवर पातेल्यातच भात लावते. कुकर फडताळाच्या वरच्या खणात ठेवलाय. रागावू नकोस.

माझा ताप गेला त्याला महिना होत आला. अशक्तपणा सरला, फक्त अन्नावरची वासना उडालीय, येईल परत. दादा पुलाच्या कामावर गेलाय तो तिकडचाच झालाय. तुझी वहिनी सकाळी चष्म्याच्या कारखान्यात जाते ती संध्याकाळी उगवते. आल्या आल्या स्वयंपाकघरात नाक वर करून उभी राहते, मग खिडकी उघडते. बोलत काही नाही. न बोलणाऱ्या माणसाचं मला जास्त भय वाटतं. बाळ रांगायला लागलंय आणि मी दिवसभर त्याच्या मागे. तेवढं सुख पुरे.

वसतिगृहातल्या पोरींवर फार ओरडू नकोस, घसा बसतो तुझा. पत्र लहान का असेना, पण पाठव.

तुझी आई


११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

हे तुला लिहावं की नाही, यात दोन कागद फाडून झाले. काल पुन्हा भात करपला. नुसता खाली लागला नाही, पातेल्यात कोळसा झाला. वास जिन्यात खालपर्यंत येत होता. मी धावत वर गेले, तर आई गॅसकडे पाठ करून तिथेच बसलेल्या, बाळाला भरवत. कळलं नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, बाळाकडे लक्ष होतं. परवाही हेच म्हणाल्या होत्या. कुकरचं नाव काढलं, तर तू जन्मायच्या आधीपासून मला भात लावता येतो, असं ऐकवलं.

मी भांडत नाही गं. पण तिकडे काचा घासताना माझा अर्धा जीव घरी असतो, आणि बोट चाकाखाली जायला वेळ लागत नाही. तू आईंना समजावून लिही. मी सांगितलं की ते सुनेचं बोलणं होतं.

ह्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र आलं. त्यातली एक पावसाळी बुटांबद्दल होती! तूच काय ते समजून घे, आणि मला वाईट समजू नकोस.

तुझी वहिनी


१६ फेब्रुवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. कुकर मी आईला आराम पडावा म्हणून पाठवला, तिला धारेवर धरायला नाही. भात कोणाचा करपत नाही? इकडच्या वसतिगृहात पगारी स्वयंपाकी आहे, त्याचाही करपतो. घरभर रांगणारं मूल सांभाळायचं, वर स्वयंपाक करायचा, आणि तू आलीस की नाक वर करून तपासणी! ही नाकाची गोष्ट मला आईनेच लिहिलीय.

तिची अडचण होत असेल तर स्पष्ट सांग. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. मी येऊन तिला घेऊन जाईन.

बाळाला पापा. तिखट लिहिलंय, पण आई एकच आहे माझी, एवढं ध्यानात घे.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

नमस्कार. बाळ सुखरूप आहे, हे आधी वाचून घे.

काल आमचं यंत्र बंद पडलं म्हणून दुपारीच सुट्टी मिळाली. पहिल्या मजल्यावर आले तोच गॅसचा वास आला. कोणाकडून येतोय असा विचार करत वर चढले, तर वास वाढतच गेला. आमच्या दारापाशी डोळे चुरचुरले. दार लोटलं. गॅसवर भाताचं पातेलं होतं, पेज उतू जाऊन चहूबाजूंनी ओघळली होती, आणि खाली जाळ नव्हता. बटण मात्र पूर्ण उघडं. आई समोर उभ्या. कडेवर बाळ, आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. ओट्यावर पेटी टेकवून, काडी बाहेर काढलेली.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. काडी हिसकावली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. पंख्याच्या बटणाकडे हात गेला होता, तो मागे घेतला. मग दोघांना जिन्यात ओढत नेलं. आई म्हणत होत्या, अगं झालं काय, विस्तव विझला म्हणून पेटवत होते. मी विचारलं, तुम्हाला वास येत नाही का? त्या म्हणाल्या, येतो की.

डॉक्टरांनी बाळाला तपासलं. काही झालेलं नाही.

त्यानंतर मी आईंना सांगितलं की उद्यापासून बाळ खालच्या मावशींकडे राहील. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. आज पाहिलं तर पिशवी भरून ठेवलीय.

तुला न्यायचं असेल तर ने त्यांना. मी अडवणार नाही. पण मला अडचण झाली म्हणून, असं कोणाला सांगू नकोस.

वहिनी


२४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

वहिनीने सगळं कळवलं. मी तिला नको ते लिहून बसले होते, त्याची माफी वेगळ्या पत्राने मागतेय.

आता तुला सरळ विचारते आणि तू सरळ सांग. जिन्यात ज्या वासाने वहिनीचे डोळे चुरचुरले, तो तुला गॅससमोर उभं राहून येत होता का? की तापानंतर तुला वासच येत नाही? शेवटचा वास कशाचा आला, तेवढं आठवून लिही.

मी रविवारच्या गाडीची चौकशी केलीय. तू म्हणशील तर येते. पण आधी खरं काय ते कळव. माझी शपथ.

तुझी भिंगरी


१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उ. आ.

शेवटचा वास औषधाचा. ताप चढला होता तेव्हा. त्यानंतर काही नाही. साबण, रॉकेल, लसूण, सगळं सारखंच. आधी वाटलं सर्दी असेल, जाईल. मग एक दिवस बाळाला न्हाऊ घालून त्याच्या टाळूवर नाक टेकवलं आणि काहीच आलं नाही. तेव्हा घाबरले.

बोलले नाही. या घरात माझी कामं दोनच, बाळ आणि स्वयंपाक. वास येत नाही असं सांगितलं असतं, तर दोन्ही काढून घेतली असती आणि मला खुर्चीत बसवलं असतं. भात झालाय की नाही हे मी आयुष्यभर वासावर ओळखत आले. आता अंदाजाने उतरवत होते, अंदाज चुकला की करपायचा. कुकर काढला असता तर भात सुधारला असता, हे मलाही कळत होतं. पण एवढे दिवस नको म्हणणारी म्हातारी अचानक हो का म्हणाली, याचं उत्तर कुठून आणू? आणि हट्टालाही एक चव असते बाई, तेवढीच उरली होती.

तुझं पत्र आल्यावर आधी तुझ्या वहिनीकडे गेले. ती बाळाचे कपडे घड्या करत होती. सांगितलं सगळं. तिने घडी खाली ठेवली आणि रडली. मला वाटलं, मिटलं. पण डोळे पुसून ती म्हणाली, वास येत नाही याचा राग नाही मला आई, येतो की म्हणालात याचा आहे. काडी तुमच्या हातात होती आणि तेव्हाही तुम्ही खोटं बोललात. खरंच होतं.

डॉक्टर म्हणाले, वास हळूहळू येईलही, कदाचित येणारही नाही. बाळ खालीच जातं. सकाळी जिन्यातून त्याचं रडणं ऐकू येतं, तेव्हा मी नळ सोडून भांडी घासत बसते. दुपारी कुकरमध्ये एकटीपुरता भात लावते. होतो बरा. कोणाला सांगू नकोस.

रविवारी ये. पिशवी तयारच आहे. म्हातारीला जागा करशील ना?

आई


५ मार्च

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

रविवारी येऊ नकोस. म्हणजे ये, चार दिवस राहा, पण आईंना न्यायला येऊ नकोस.

परवा खालच्या मावशींना बहिणीकडे तातडीने जावं लागलं. त्यांनी बाळाला आईंकडे दिलं आणि गेल्या. मला काही कळलं नव्हतं. संध्याकाळी परतले तर जिन्यात पहिल्या मजल्यावरचे शिंपीकाका भेटले. हसून म्हणाले, तुमच्या सासूबाईंनी आज आख्ख्या इमारतीला कामाला लावलं.

बाळ भुकेने रडत होतं. दूध तापवायला म्हणून आईंनी सिलिंडर उघडला नाही, तसं आमचं ठरलंय. सकाळचं तापवलेलं पातेलीत होतं, पण दुपारच्या उन्हात ते टिकलंय की नासलंय हे त्यांना कळेना. चव घेऊन पाहिली, तीही लागेना. मग बाळाला कडेवर आणि पातेली हातात घेऊन त्या बाहेर पडल्या. समोरचं दार बंद. वरच्या मजल्यावर गेल्या, तिथे कोणी नाही. खाली आल्या. ज्या घरी कधी गेल्या नाहीत, त्या घरांची दारं वाजवून सांगत सुटल्या की मला वास येत नाही हो, तापाने गेलाय, एवढं दूध हुंगून सांगा. शिंपीकाकांनी नाक लावलं आणि म्हणाले, आजी, हे पाजू नका, आंबलंय. त्यांच्याच घरचं ताजं दूध बाळ प्यायलं.

भिंगरी, जी गोष्ट त्यांनी माझ्यापासून जवळजवळ दोन महिने लपवली, ती त्या दारोदार जाऊन सांगून आल्या. मी तिथेच पायरीवर बसले. काका बिचारे घाबरून पाणी आणायला धावले.

वर गेले तर आई आधीच खुलासा करू लागल्या, मावशी गेल्या म्हणून मी घेतलं, तुला विचारायला हवं होतं. मी पिशवी सोडून त्यांची लुगडी कपाटात लावली. त्या म्हणाल्या, ते निळं वरच्या खणात ठेव.

गॅसवरच्या भाताला चव जास्त, हा वाद मात्र मिटलेला नाही. सुट्टीच्या दिवशी मी घरात असताना पातेल्यात, एरवी कुकरमध्ये, असं ठरलंय. दोन्ही भात तू आलीस की खाऊन सांग, आणि देवाशपथ माझी बाजू घे.

आज सकाळी बाळाला खाली नेलं नाही. आईंच्या मांडीवर ठेवलं आणि चपला घातल्या. त्या म्हणाल्या, नक्की ना? मी हो म्हटलं आणि निघाले. दुसऱ्या वळणावर पाय थांबले. वर जाऊन एकदा बघून यावं असं फार वाटलं. कठडा धरून उभी राहिले, मग खाली उतरले.

तुझी वाट पाहते. आपल्या दोघींत जे कडू झालं ते तिकडेच सोडून ये.

तुझी वहिनी