भवानीला विचारलेलं

माय,

काल आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर बसायला गेले होते. मी आता क्रांती चौकाच्या मागं राहते. तुला ते ठाऊक नाही, तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी हे घर घेतलं. खालच्या पोरीचं बाळ पोटातच गेलं. ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, आणि तिच्यासमोर मांडी घालून सत्संगवाल्या बाई. पांढरी साडी, आवाजात पाक. "प्रार्थना कर बाळा. डोळे मीट, सगळं त्याच्यावर सोपव, बघ मन कसं हलकं होतं." पोरीनं मुकाट डोळे मिटले. मग बाई तिच्याकडे न बघता आमच्याकडे बघून हसल्या, इंजेक्शन लागू पडल्यासारख्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "बाई, हलकं तुमचं झालं. तिच्यापाशी बसायचं काम देवाच्या गळ्यात घालून तुम्ही मोकळ्या झालात." सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू बाळ मीच नेलं होतं. मी चपला घातल्या आणि वर आले. आल्यापासून तुझ्याशी भांडते आहे. त्या बाईंच्या जागी तू असतीस तर हेच बोलली असतीस, फक्त साडी पांढरी नसती.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून मी सगळा जन्म काढला. तिथं हा प्रकार पोत्यानं बघितला. उशीखाली अंगारा, खाटेच्या दांडीला गंडा, बाटलीत कुठल्या तरी दर्ग्यातलं फुंकून आणलेलं पाणी. पेशंटच्या उशाशी माळ ओढत बसलेल्या बायका, आणि पेशंटची चादर सकाळपासून ओली आहे हे त्यांतल्या एकीच्याही लक्षात नाही. मी ओरडायचे, "माळ ठेवा अन् चादर बदला." त्या मला नास्तिक म्हणायच्या, खडूस म्हणायच्या, पाठीमागं आणखी काय काय म्हणायच्या. म्हणू देत. दुखणाऱ्याचं दुखणं नामस्मरणानं उतरलेलं मी एकदाही पाहिलं नाही. उतरतं ते जप करणाऱ्याचं. हात जोडून बसलं की ते हात दुसऱ्या कुणाला द्यावे लागत नाहीत, इतकी साधी सोय आहे ती. ही सोय मी सगळ्यात आधी तुझ्याकडे बघितली.

तुला तो दिवस आठवतो का? छावणीच्या बाजारामागची आपली खोली, दादा पिठाच्या गिरणीत कामाला गेलेले, आणि दारात माझा नवरा पत्र्याची पेटी घेऊन उभा. मागं मी, अंगात ताप. सातव्या महिन्यात माझं लेकरू गेलं होतं. तो म्हणाला, "विहिरीवर पाय घसरला. जरा आराम पडंल तिला म्हनून आनली." चहासुद्धा न घेता गेला. आठवडे गेले, महिने गेले, तो न्यायला येईना, कागद येईना, निरोप येईना. बाजारातल्या बायकांनी मला नवं नाव दिलं. टाकलेली. भाजीवालीसुद्धा पाठीमागं म्हणायची, "ती बघा, गिरणीवाल्याची टाकलेली लेक."

तू काय केलंस? तू देव पाण्यात ठेवलेस. आपल्या देव्हाऱ्यात होते काय, तर दोन चांदीचे टाक, एकावर खंडोबा, एकावर भवानी, घासून घासून दोघांचीही नाकं गेलेली. ते तू पितळेच्या गंजात पाण्यात बुडवलेस, आपल्या भाजीच्या भांड्यात, आणि साकडं घातलंस की जावई न्यायला आल्याशिवाय बाहेर काढणार नाही. म्हणजे जिथून मी जीव घेऊन आले होते, तिथंच परत पाठवायला तू देवाला कोंडून घातलंस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस, बाई, तुला जायचं आहे का? टाक पाण्यात आणि टाकलेली चुलीपुढं, असा आपला संसार चालला होता. आणि ते देव तरी कसले! रझाकारांच्या धामधुमीत आजीनं ते आपल्या पिशोर गावच्या शेतात बांधाखाली पुरून ठेवले होते, पोलिस अ‍ॅक्शन झाल्यावर उकरून काढले, हे तूच कौतुकानं सांगायचीस. ज्यांना स्वतःला लपून बसावं लागलं, त्यांना तू माझ्या रखवालीला बसवलंस.

मी रडले की तू म्हणायचीस, "देवापाशी बस जरा. मन हलकं व्हईल." मी बसायचे. गंजातल्या पाण्याकडं बघायचे. तळाशी दोन बिननाकाची तोंडं, वर माझं. मन काडीएवढंही हलकं व्हायचं नाही, पाय मात्र मुंग्यांनी भरून यायचे. शेजारची खाला यायची, तीही तेच. "अल्ला पे छोड दे बेटी, दुआ कर. दिल हल्का हो जाता." तुमच्या दोघींचे देव वेगळे, पण मला गप्प बसवायच्या कामात दोघांची काय एकी! दादा तर बोलायचेच नाहीत. गिरणीतून यायचे, अंगावरचं पीठ झटकायचे, जेवायचे. एकदा जेवता जेवता तुला म्हणाले, "ह्या दिवाळीपर्यंत वाट बघू. नाय आला तं मीच नेऊन घालतो तिला. जास्त दिस पोरगी घरात ठिवनं बरं नाय." तू मान हलवलीस. मी भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसले.

आणि तुझं ते सकाळचं बोलणं. दादा गेले की तू आंघोळ करून भिंतीतल्या देवळीपुढं बसायचीस, माझ्याकडं पाठ करून, आणि भवानीशी गप्पा मारायचीस. ज्वारी महागली, गुडघा दुखतो, पिशोरची म्हैस आटली, सगळं. मी मागं चुलीवर भाकरी थापायची. खोली केवढी, तर तुझा पदर पसरला तर माझ्या परातीत यावा. त्यात तू माझंही बोलायचीस. "भवानी, माझ्या लेकीचं तोंड बघवत नाय गं. तिच्या मनात काय हाये, सांग बाई." ऐकून माझा संताप संताप व्हायचा. अगं, जिच्या मनातलं हवंय ती तुझ्या पाठीशी बसली आहे, तोंड आहे तिला, आणि तू विचारतेस कुणाला, तर पत्र्याला! याहून मोठा वेडेपणा मी नंतर दवाखान्यातही पाहिला नाही.

एक दिवस तू नेहमीच्याच सुरात म्हणालीस, "भवानी, विहिरीवर पाय घसरला म्हनत्यात. खरंच घसरला का गं तिचा?"

माझ्या हातात भाकरी होती. मी ती तव्यावर टाकली आणि काय झालं कुणास ठाऊक, म्हणाले, "नाय."

तू वळली नाहीस. तुझा हात गंजाच्या काठावर होता, तो तसाच राहिला. मग तू भवानीला विचारलंस, "मंग कसं गं पडली ती?"

"ढकललं," मी म्हणाले.

"कुनी, भवानी?"

"त्यानंच."

"अन् त्याची माय कुठं व्हती तवा?"

"दारात हुभी व्हती. बघत."

तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली. बाहेर छावणीतली कुठलीशी लष्करी गाडी गेली, तिच्या आवाजानं मडक्यावरचं झाकण वाजलं. मला वाटलं, झालं, आता ही उठून छाती बडवून घेणार, शेजारपाजार गोळा करणार. तू हललीही नाहीस. मग अगदी हळू, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात तू विचारलंस, "भवानी, माझ्या लेकीला दूध आलं व्हतं का गं?"

माय, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सासरी नाही, इथं नाही. लेकरू गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, पण दूध येतंच, लेकरू असो नसो, हे कुणाला आठवलं नव्हतं. मी म्हणाले, "आलं व्हतं."

"मंग काय केलं तिनं?"

"फडकं बांधलं. आवळून."

"लई दुखलं असंल."

तो प्रश्न नव्हता, तरी मी म्हणाले, "व्हय." आणि मग मी रडले, नेहमी रडायचे तशी नाही, पिठाचे हात तोंडावर धरून, गुरासारखा आवाज काढून. तू मला जवळ घेतलं नाहीस. गंजात हात घालून तू दोन्ही टाक बाहेर काढलेस, एकेक करून पदराला पुसलेस आणि देवळीत मांडलेस. "लई भिजले. बसा आता कोरडे," असं त्यांना म्हणालीस. गंजातलं पाणी दारातल्या तुळशीला ओतलंस. आणि मग त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बोललीस ते हे, "भाकर करपती बघ."

दादांनी संध्याकाळी देव्हारा बघितला. "देव बाहीर काढले? जावई आले व्हते का?"

"नाय. देवाला सर्दी झाली," तू म्हणालीस. मला त्या अवस्थेतही हसू आलं. मग तू पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवलास आणि म्हणालीस, "मला भवानीनं सांगितलं. पोरगी घसरली नाय, तिला ढकलली. ती परत जानार नाय."

इथं आपलं कायमचं बिनसलं. सांगितलं मी. माझ्या तोंडानं, माझ्या जिभेनं, चुलीच्या धुरात बसून. आणि नाव झालं तिचं! पुढं पाहुण्यारावळ्यांत, पिशोरच्या चुलत्यांपुढं, जिथं तिथं तू तेच सांगत सुटलीस, भवानीनं दृष्टांत दिला म्हणे. बायका त्या टाकाच्या पाया पडायला यायच्या, नारळ ठेवायच्या. मी कोपऱ्यात बसून दात ओठ खायची. दिवाळीआधी माझा नवरा आणि त्याचा भाऊ आलेच, नवं पातळ घेऊन. तू उंबऱ्यातच उभी राहिलीस. त्यांना आत घेतलं नाहीस. म्हणालीस, "तुमच्यापायी देव पान्यात घातले व्हते. काढले आता. निघा." दादा तुझ्या मागं उभे होते. पुढच्या वर्षी मला नर्सिंगला घातलं, तेही भवानीच्या आज्ञेनंच. मी एकदा भांडले तुझ्याशी, मोठी झाल्यावर, पगार आणायला लागल्यावर. "माय, खोटं का सांगतीस? बोलले मी व्हते." तू पायाची भेग चोळत म्हणालीस, "तुझं कुनी ऐकलं असतं?"

तुझं ते उत्तर मला अजूनही आवडत नाही. खरं आहे, माझ्या शब्दावर दादांनी मला ठेवून घेतली नसती. चुलते म्हणाले असते, पोरी असंच बोलतात. भवानीपुढं सगळे गप्प बसले. पण म्हणून मी तिचे आभार मानावेत? ज्या घरात लेकीचं खरं मानायला चांदीचा पत्रा मधे लागतो, त्या घराच्या देवभक्तीला मी काडीची किंमत देत नाही. काल त्या बाईंना बोलले, त्याचंही मला वाईट वाटत नाही. प्रार्थनेनं मन हलकं होतं ही थाप आहे. माझं झालं नाही. त्या सकाळनंतर वर्षानुवर्षं लहान लेकरू रडलं की माझी छाती दुखायची, वॉर्डात, बसमध्ये, कुठंही. भवानीनं त्यातलं काहीएक नेलं नाही.

आणि तूही भित्री होतीस, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोटच्या पोरीच्या डोळ्यांत बघून चार प्रश्न विचारायची तुझी छाती झाली नाही. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण हा कागद कुठल्या पेटीत पडणार आहे? इथंच राहील, डाळीच्या डब्यांच्या मागं, नाहीतर उद्या मीच फाडीन. तू वाचणार नाहीस म्हणून एवढं एक लिहिते. समोर असतीस तर कबूल केलं नसतं.

त्या सकाळी तू वळून माझ्या तोंडाकडं बघून विचारलं असतंस, तर मी म्हणाले असते, "काय नाय माय. पाय घसरला."